ढगांच्या आड दडलेले एरोसोल : चेन्नईच्या आकाशात मोजमाप का कठीण होते

चेन्नई : वातावरणात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे, म्हणजेच एरोसोलचे, जमिनीवरून मोजमाप करण्याची सर्वांत विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत सूर्यप्रकाशावर आधारलेली आहे. सूर्याकडे रोखलेले उपकरण थेट किरणांची तीव्रता मोजते आणि वाटेत किती प्रकाश कमी झाला यावरून कणांचे प्रमाण ठरवले जाते. या पद्धतीची एक मूलभूत अट आहे : सूर्य आणि उपकरण यांच्यामध्ये ढग असता कामा नये. चेन्नईत ही अट वर्षाच्या मोठ्या भागात पाळली जात नाही.

या शहरावर जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे ढग असतात आणि दुपारनंतर किंवा सायंकाळी मेघगर्जनेसह सरी पडतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बंगालच्या उपसागरावरून ईशान्य मोसमी पाऊस येतो. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यानंतर चेन्नईचा खरा पावसाळा सुरू होतो आणि शहराच्या वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस याच तीन महिन्यांत पडतो. ज्या काळात शहराच्या वर्षभराच्या पाण्याचा प्रश्न सुटतो, त्याच काळात एरोसोलच्या नोंदी सर्वाधिक तुटक होतात.

या तुटकपणाचे परिणाम प्रयोगशाळेबाहेरही पोहोचतात. हवामान बदलाचे अंदाज, उपग्रहांच्या मापनांची पडताळणी, सौरऊर्जेचे हिशेब आणि प्रदूषित हवेच्या परिणामांचा अभ्यास या सर्वांमध्ये एरोसोलचे आकडे वापरले जातात. त्या आकड्यांवर ढगांची छाया किती आणि कशी पडते, हे समजल्याखेरीज त्यांचा अर्थ लावता येत नाही.

सूर्यप्रकाशावरून कणांची मोजणी

एरोसोल या संज्ञेत धूळ, धूर, काजळी, समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ तसेच वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेट व नायट्रेटचे कण यांचा समावेश होतो. चेन्नईच्या हवेत हे सर्व घटक आढळतात. शहराच्या पूर्वेस समुद्र आहे, उत्तरेस एन्नोर व मनली येथे वीजकेंद्रे व तेलशुद्धीकरण उद्योग आहेत, रस्त्यांवर वाहनांची दाटी आहे आणि वाऱ्याची दिशा अनुकूल असेल तेव्हा देशाच्या अंतर्भागातील धूळ व धूरही येथे पोहोचतो.

हे कण सूर्यकिरण विखुरतात व काही प्रमाणात शोषूनही घेतात. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभात मिळून किरणांची किती घट होते, ते सांगणाऱ्या राशीला एरोसोलची प्रकाशीय जाडी म्हणतात. ही जाडी ०.४ असेल आणि सूर्य डोक्यावर असेल, तर हवेच्या रेणूंचा परिणाम वगळता सुमारे ६७ टक्के थेट किरण जमिनीवर पोहोचतात. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल, तर किरणांना हवेतून जवळपास दुप्पट अंतर कापावे लागते आणि हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर येते.

हे मोजणाऱ्या उपकरणाला सूर्यप्रकाशमापी म्हणतात. फ्रेडरिक फोल्झ यांनी १९५९ मध्ये हातात धरून वापरता येईल असा सूर्यप्रकाशमापी तयार केला. आता जगभर स्वयंचलित उपकरणांची जाळी पसरली आहेत. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या पुढाकाराने एरोनेट हे जाळे १९९० च्या दशकात उभे राहिले. त्यात २००१ पासून कानपूर आणि २००४ पासून पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था यांच्या नोंदी आहेत. जपानमधील चिबा विद्यापीठाशी निगडित असलेले स्कायनेट हे दुसरे जाळे होय.

भारताने स्वतःचे जाळे त्याआधीच विणण्यास प्रारंभ केला होता. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात बहुतरंगलांबी किरणमापी विकसित केला. हे उपकरण दहा वेगवेगळ्या तरंगलांबींवर सूर्यप्रकाश मोजते. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या एआरएफआय प्रकल्पात देशभरातील अनेक केंद्रे जोडली गेली. चेन्नईच्या दक्षिणेकडील कट्टनकुलतूर येथील एसआरएम विद्यापीठाच्या आवारातूनही या प्रकल्पात एरोसोलची मापने करण्यात आली आहेत.

दाट ढगापेक्षा विरळ ढग अधिक फसवा

दाट पावसाळी ढगाची प्रकाशीय जाडी सहज १० किंवा त्याहून अधिक असते. जाडी १० असेल, तर लाखातील जेमतेम चार-पाच थेट किरण खाली पोहोचतात. अशा वेळी उपकरणाला सूर्य जणू दिसतच नाही. ही नोंद निरुपयोगी असल्याचे तत्काळ कळते आणि ती बाजूला काढली जाते. तिथे माहिती मिळत नाही, परंतु चुकीची माहितीही पुढे जात नाही.

खरी अडचण विरळ ढगांची आहे. खूप उंचावर, बर्फाच्या स्फटिकांपासून तयार झालेले तंतुमेघ अनेकदा आकाशाचा निळा रंग किंचित फिकट करण्यापलीकडे काहीच दाखवत नाहीत. सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते, ते अशाच उंच ढगांतील षटकोनी स्फटिकांमुळे. खळे दिसले की ढग आहे हे समजते. पण खळे न पाडणारे आणि डोळ्यांना न जाणवणारे ढगही उष्ण कटिबंधात असतात. प्रकाशीय जाडी ०.०३ पेक्षा कमी असलेल्या तंतुमेघांना शास्त्रज्ञ अदृश्यप्राय मानतात.

चेन्नईपासून सुमारे १२० किलोमीटरवर, आंध्र प्रदेशातील गादंकी येथे राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळा आहे. तेथील लायडार उपकरण आकाशात लेसरचे स्पंद सोडून परत येणारा प्रकाश मोजते. जमिनीपासून १४ ते १६ किलोमीटर उंचीपर्यंत आढळणाऱ्या अशा पातळ तंतुमेघांचा अभ्यास या उपकरणाने झाला आहे. निरभ्र वाटणारे आकाश नेहमीच निरभ्र नसते, याचा प्रत्यय या अभ्यासातून येतो.

अशा ढगाचा मापनावर होणारा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. एरोसोलची खरी प्रकाशीय जाडी ०.४ आहे आणि वर ०.१ जाडीचा तंतुमेघ आला आहे, असे समजू. उपकरणाला दोन्हींचा एकत्रित परिणाम दिसेल आणि ते साधारण ०.५ अशी नोंद करील. ढगाची वेगळी ओळख पटली नाही, तर शहरावरील एरोसोल एक चतुर्थांशाने वाढल्याचा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात हवेत एकही कण वाढलेला नसेल.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. बर्फाचे मोठे स्फटिक बराचसा प्रकाश किंचित वळवून पुढच्या दिशेनेच पाठवतात. सूर्यबिंबाचा आकाशातील व्यास सुमारे अर्धा अंश असतो, तर उपकरणाचे दृष्टिक्षेत्र साधारण एक अंशाहून थोडे मोठे असते. त्यामुळे वळलेल्या प्रकाशाचा काही भाग थेट किरणांबरोबर उपकरणात शिरतो. परिणामी ढगाची जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. ढग अस्तित्वात असतो, पण त्याचा ठसा पुसट झालेला असतो, आणि पुसट ठसा ओळखणे अधिकच कठीण असते.

ढग ओळखण्याच्या कसोट्या

ढग आणि एरोसोल यांना वेगळे करण्यासाठी मुख्यतः दोन गुणधर्मांचा आधार घेतला जातो. पहिला गुणधर्म काळाचा. एरोसोलचे प्रमाण सहसा सावकाश बदलते, तर ढग वाऱ्याबरोबर सरकत असल्याने सूर्यासमोरील त्यांची जाडी काही सेकंदांतच बदलते. म्हणून एरोनेटची उपकरणे एका मिनिटात, तीस-तीस सेकंदांच्या अंतराने, तीन मापने घेतात. अलेक्झांडर स्मिरनोव्ह व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार सर्वसाधारण हवेत या तिन्ही मापनांतील फरक ०.०२ पेक्षा जास्त असेल, तर ती नोंद ढगाळ समजून वगळली जाते. हवा फार गढूळ असेल तेव्हा ही मर्यादा प्रमाणात वाढवली जाते.

दुसरा गुणधर्म रंगाचा. धुराचे कण बहुधा एका मायक्रोमीटरहून लहान असतात. ते निळा प्रकाश जास्त आणि तांबडा व अवरक्त प्रकाश कमी अडवतात. ढगांचे थेंब सुमारे वीस मायक्रोमीटर व्यासाचे, तर बर्फाचे स्फटिक त्याहूनही मोठे असतात. ते सर्व रंग जवळपास सारखेच अडवतात. हा फरक दाखवणारा घातांक स्वीडनचे शास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२९ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. धुरासाठी तो १.५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक, तर ढगासाठी शून्याजवळ असतो.

समजा, धुरामुळे ४४० नॅनोमीटरवर प्रकाशीय जाडी ०.६ आणि घातांक १.५ आहे. मग ८७० नॅनोमीटरवर ती सुमारे ०.२२ भरेल. आता ०.२ जाडीचा तंतुमेघ आला, तर दोन्ही ठिकाणी सारखीच भर पडून आकडे ०.८ आणि ०.४२ होतील. घातांक १.५ वरून एकच्या किंचित खाली येईल. केवळ हा घातांक पाहणाऱ्याला धुरात धूळ मिसळली असे वाटू शकते.

चेन्नईची खरी अडचण येथे आहे. घातांक कमी होणे ही ढगाची एकमेव खूण नाही. समुद्री मिठाचे कण मोठे असतात, वाऱ्याने उडालेली धूळही जाड असते आणि दोन्हींमुळे घातांक खाली येतो. देशांतर्गत शहरात कमी घातांकाची नोंद संशयास्पद मानून वगळणे एक वेळ चालू शकेल. किनाऱ्यावरील शहरात तसे केल्यास ढगांबरोबर समुद्रावरून आलेली हवाही नोंदीतून गळून पडेल. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की घातांक घसरतो. त्याच वेळी आकाशात राशिमेघांचे पुंजके वाढू लागतात. या दोन बदलांपैकी कोणता कशामुळे झाला, ते एकट्या रंगावरून ठरवता येत नाही.

काळाच्या कसोटीलाही अशीच मर्यादा आहे. पोंगलच्या आदल्या दिवशी तामिळनाडूत भोगी साजरी होते. महाराष्ट्रात भोगी म्हणजे तिळाची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. चेन्नईत मात्र त्या पहाटे जुन्या टाकाऊ वस्तू जाळण्याची प्रथा आहे. जानेवारीतील धुक्यात हा धूर मिसळतो आणि काही वर्षी विमानांच्या वेळापत्रकावरही त्याचा परिणाम झाला आहे. अशा धुराचे लोट सूर्यासमोरून जातात, तेव्हा मापने मिनिटभरात बदलतात. ढग वगळण्यासाठी लावलेली चाळणी या धुरालाही ढग समजू शकते. मग वर्षातील अत्यंत प्रदूषित तासांपैकी काही तास नोंदीत राहतच नाहीत.

ही उणीव कमी करण्यासाठी एरोनेटने आपल्या पद्धतीत सुधारणा केली. २०१९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत तीन मापनांतील बदल केवळ ६७५, ८७० आणि १०२० नॅनोमीटर या लांब तरंगलांबींवर तपासला जातो. धूर या तरंगलांबींवर कमी प्रभावी असतो, ढग मात्र तितकाच ठळक राहतो. त्यामुळे बदलत्या धुराच्या नोंदी टिकण्याची शक्यता वाढली. याच आवृत्तीत सूर्याभोवतीच्या तेजोवलयाची तपासणीही समाविष्ट आहे. तंतुमेघांचे स्फटिक प्रकाश पुढे फेकत असल्याने सूर्यालगतचे आकाश विशिष्ट तऱ्हेने उजळते. त्या उजळण्यावरून स्थिर दिसणारा तंतुमेघही पकडता येतो.

स्कायनेटसाठी प्रदीप खत्री आणि तामिओ ताकामुरा यांनी २००९ मध्ये वेगळी वाट सुचवली. सूर्यप्रकाशमापीच्या जोडीला संपूर्ण आकाशातून येणारी सौरऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाची नोंद वापरायची आणि रंगांनुसार होणाऱ्या बदलांचीही पडताळणी करायची, असे तिचे स्वरूप आहे. एकाच साक्षीदारावर विसंबण्याऐवजी दोघांची साक्ष जुळवून पाहण्याचा हा मार्ग होय.

एका दिवसाची चूक अनेक दिवसांवर

ढगाचा परिणाम तो आकाशात असेपर्यंतच टिकतो, असेही नाही. प्रकाशीय जाडी काढण्यासाठी वातावरणाबाहेर उपकरणाचे वाचन किती आले असते, हे ठाऊक असावे लागते. ते शोधण्याची पद्धत अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांच्या नावाने ओळखली जाते. सकाळी सूर्य वर चढत असताना किरणांची हवेतील वाट आखूड होत जाते. त्या वाटेची लांबी आणि वाचनाचा लॉगॅरिदम यांचा आलेख काढला, की सरळ रेषा मिळते. ती रेषा वाट शून्य असलेल्या बिंदूपर्यंत वाढवली, की वातावरणाबाहेरचे वाचन हाती येते.

या काळात एखादा पातळ तंतुमेघ हळूहळू दाट होत गेला, तरीही आलेख बराचसा सरळ दिसू शकतो; मात्र रेषेचा उतार बदलतो. मिळालेले मूळ वाचन खऱ्यापेक्षा कमी येते. त्यात ५ टक्क्यांची चूक झाली, तर माध्यान्हीच्या प्रकाशीय जाडीत सुमारे ०.०५ ची चूक होते. हे मूळ वाचन पुढील दिवसांसाठी वापरले, तर पूर्णतः निरभ्र दिवसांचे आकडेही बिघडतात. याच कारणाने मुख्य संदर्भ उपकरणांचे प्रमाणीकरण हवाईमधील मौना लोआसारख्या उंच आणि स्वच्छ हवेच्या ठिकाणी केले जाते. दमट किनारी हवेत आकाश सलग काही तास स्थिर राहणे हा दुर्मीळ योग असतो.

ढगालगतची हवा

आतापर्यंतचे विवेचन ढग आणि एरोसोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे गृहीत धरते. निसर्गात त्यांच्यामधील सीमारेषा इतकी स्पष्ट नसते. ढगाचा प्रत्येक थेंब एखाद्या एरोसोल कणावरच आकार घेतो. सापेक्ष आर्द्रता वाढू लागली की मीठ, सल्फेट यांसारखे कण पाणी शोषून फुगतात. शुद्ध मिठाचा कोरडा कण सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंबाचे रूप घेतो आणि आर्द्रता वाढत जाईल तसा मोठा होत जातो. फुगलेला कण अधिक प्रकाश विखुरतो.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे इलान कोरेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की ढगांच्या दृश्य कडेपासून दूरवर फुगलेल्या कणांचा आणि विरून जाणाऱ्या ढगांच्या अवशेषांचा एक पट्टा पसरलेला असतो. त्याला त्यांनी संधिप्रकाशाचा पट्टा असे नाव दिले. या पट्ट्यातील हवा ढग म्हणायची की एरोसोल, याचे एकमेव बरोबर उत्तर नाही. चाळणी कडक ठेवली, तर फुगलेले खरे कण वगळले जातात. सैल ठेवली, तर ढगांचे अवशेष एरोसोल म्हणून मोजले जातात. बंगालच्या उपसागराच्या काठावर, जिथे आर्द्रता वर्षातील बहुतेक काळ भरपूर असते, तिथे हा पट्टा दुर्लक्षिता येत नाही.

भारतातील दमट हवेत कण पाणी शोषून कसे फुगतात, याविषयी चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील सचिन गुंठे आणि सहकाऱ्यांचे संशोधन २०२१ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दिल्ली आणि चेन्नई येथील मापनांचा आधार घेणाऱ्या या अभ्यासात हवेतील क्लोराइडयुक्त कणांमुळे पाण्याचे शोषण वाढते आणि दृश्यमानता घटते, असे स्पष्ट करण्यात आले. कणांची संख्या तितकीच राहूनही हवा अधिक धूसर का दिसते, त्याचा उलगडा त्यातून होतो.

निरभ्र दिवसांची सरासरी

ढगाळ नोंदी अचूक वगळल्या, तरीही एक प्रश्न उरतोच. उरलेल्या नोंदी केवळ निरभ्र वेळेच्या असतात. निरभ्र वेळेची हवा आणि ढगाळ वेळेची हवा सारखी नसते. पाऊस कण धुऊन काढतो. ढग ऊन अडवतात. जमीन कमी तापते आणि हवेचे वर-खाली मिसळणे मंदावते. वाऱ्याची दिशाही वेगळी असते. चेन्नईत नैर्ऋत्य मोसमात ढग दुपारनंतर वाढत असल्यामुळे त्या महिन्यांतील चांगल्या नोंदी सकाळकडे झुकू शकतात. सकाळी जमिनीवरून आलेली हवा असते आणि दुपारी समुद्रावरून आलेली. मासिक सरासरीत पहिलीचे वजन वाढते.

मोठ्या संशोधन मोहिमांचा कलही कोरड्या ऋतूकडे राहिला आहे. हिंदी महासागरावरील इंडोएक्स ही आंतरराष्ट्रीय मोहीम १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात झाली. इस्रोची आयकार्ब ही भूभाग, जहाज व विमाने यांचा एकत्रित वापर करणारी मोहीम २००६ च्या मार्च ते मे या काळात पार पडली, तर तिचा हिवाळी टप्पा डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९ मध्ये झाला. स्वच्छ आकाशाची गरज पाहता ही निवड स्वाभाविक होती. परंतु त्यामुळे दक्षिण भारतावरील एरोसोलचे आपले ज्ञान कोरड्या महिन्यांत भक्कम आणि पावसाळी महिन्यांत विरळ आहे.

उपग्रह ही पोकळी भरून काढतील अशी अपेक्षा असते. मात्र उपग्रहावरील प्रकाशीय उपकरणांनाही खालचे एरोसोल पाहण्यासाठी ढगविरहित आकाश लागते, आणि त्यांच्या आकड्यांची पडताळणी जमिनीवरील सूर्यप्रकाशमापीशीच केली जाते. एकाच दिवशी दोघेही गैरहजर असतात. त्यामुळे दोघांचे आकडे उत्तम जुळले, तरी ढगाळ दिवसांविषयी त्या जुळण्यातून काहीच सिद्ध होत नाही.

ढगाखाली चालणारी साधने

सूर्यावर अवलंबून नसलेली साधने ढगाळ दिवशीही काम करतात. चेन्नईत आलंदूर, मनली, वेलाचेरी अशा ठिकाणी असलेली प्रदूषण मापन केंद्रे जमिनीलगतची हवा आत ओढून तिच्यातील कणांचे वस्तुमान मोजतात. पाऊस असो वा ढग, त्यांची नोंद सुरू राहते. पण हा आकडा जमिनीलगतच्या हवेचा असतो; वरच्या थरांत तरंगणारा धूर किंवा धूळ त्यात येत नाही. शिवाय अनेक उपकरणे हवा तापवून कणांतील पाणी घटवतात, तर सूर्यप्रकाशमापी पाण्याने फुगलेले कण आहेत तसेच पाहतो. म्हणून दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

लायडार उंचीनुसार कणांचे थर दाखवतो आणि रात्रीही चालतो. ढगाचा तळ किती उंचावर आहे, तेही तो सांगतो. दाट ढगापलीकडे मात्र त्याचा लेसर पोहोचत नाही. तरीही सूर्यप्रकाशमापीशेजारी लायडार असेल, तर उंचावरील तंतुमेघाने आकडा फुगवला का, याचा निवाडा करता येतो.

चेन्नईतच उपलब्ध असलेला आणखी एक आधार सौरऊर्जा क्षेत्रातून येतो. शहराच्या पळ्ळीकरणै भागातील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली २०११ पासून देशभर सौर किरणोत्सर्ग मापन केंद्रांचे जाळे उभारण्यात आले आणि त्यातील केंद्रांची संख्या शंभरावर गेली. या केंद्रांवर सूर्याचे थेट किरण, आकाशातून विखुरलेला प्रकाश आणि दोन्हींची बेरीज यांची स्वतंत्र नोंद होते. ढग सूर्यासमोर आला की थेट किरण कोसळतात आणि विखुरलेला प्रकाश वाढतो. ढग सूर्याच्या बाजूला असेल, तर त्याच्या कडेवरून परावर्तित प्रकाशामुळे एकूण ऊर्जा काही क्षण निरभ्र आकाशापेक्षाही अधिक भरते. एरोसोलमुळे असे धक्के बसत नाहीत. त्यामुळे या नोंदी ढगांची चाळणी पारखण्यासही उपयोगी ठरतात.

हवामान विभागाचे निरीक्षक परंपरेने आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी व्यापले आहेत, याची नोंद ठेवतात. १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे मद्रास वेधशाळा उभी राहिली आणि आजही हवामान विभागाचे प्रादेशिक केंद्र त्याच परिसरात आहे. ढग डोळ्यांनी पाहून केलेली ही नोंद आधुनिक उपकरणांच्या जोडीला आजही मोलाची आहे.

ढगांना टाळून चालणार नाही, ही जाणीव महाराष्ट्रातील दोन उपक्रमांतूनही दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ मध्ये केपेक्स मोहीम सुरू करून विमानातून ढगांच्या आतील व भोवतालच्या हवेचे मापन केले. २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे ढगांच्या भौतिकीसाठी उंचावरील प्रयोगशाळा स्थापन झाली. पावसाळ्यात ढग तेथे जमिनीवरच उतरतात. त्यामुळे ज्या हवेत थेंब तयार होतात, त्याच हवेतील कण एकाच जागी मोजता येतात. चेन्नईत ढग वरून जातो आणि मोजणी थांबते. महाबळेश्वरात ढग आल्यावरच मोजणीला सुरुवात होते.

आकडा वाचण्याची रीत

हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २०२१ मधील सहाव्या अहवालानुसार, १७५० पासून कार्बन डायऑक्साइडने पृथ्वीच्या ऊर्जासंतुलनात प्रतिचौरस मीटर सुमारे २.१६ वॅटची भर घातली, तर एरोसोलने सुमारे १.१ वॅटची घट केली. एरोसोलच्या आकड्याची संभाव्य मर्यादा मात्र ०.४ ते १.७ वॅट इतकी रुंद आहे, आणि ही अनिश्चितता मुख्यत्वे ढग व एरोसोल यांच्या परस्परक्रियेतून येते. ज्या क्षणी दोघे एकत्र असतात, त्याच क्षणी मापन सर्वांत अवघड असते, हे त्यामागील एक कारण आहे.

म्हणूनच चेन्नईसारख्या शहराच्या एरोसोलचा आकडा वाचताना काही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. महिन्यातील किती दिवसांच्या नोंदी टिकल्या? त्या दिवसाच्या कोणत्या तासांतील आहेत? ढग वगळण्यासाठी कोणती कसोटी लावली? तंतुमेघांची स्वतंत्र तपासणी झाली का? उपकरणाचे प्रमाणीकरण कोणत्या आकाशाखाली झाले? एप्रिलमधील पंचवीस दिवसांची सरासरी आणि नोव्हेंबरमधील चार दिवसांची सरासरी आलेखावर शेजारी-शेजारी सारख्याच आकाराच्या बिंदूंनी दाखवल्या जातात, पण त्यांचे वजन सारखे नसते.

सूर्यप्रकाशमापी, लायडार, जमिनीलगतची केंद्रे आणि सौर किरणोत्सर्गाच्या नोंदी एकाच ठिकाणी एकत्र वाचल्या, तर ढगाळ दिवसांच्या काही रिकाम्या जागा भरता येतील. ज्या भरता येणार नाहीत, त्या आकडेवारीत रिकाम्या म्हणूनच दिसत राहिल्या पाहिजेत. नोव्हेंबरच्या रकान्यातील रिकामी जागा एप्रिलच्या सरासरीने भरली, तर मोजणी न झालेल्या हवेविषयी मोजणी झाल्याचा समज निर्माण होतो, आणि तो समज ढगापेक्षा अधिक काळ टिकतो.